थांबलेलं कॅलेंडर चालू दिसतं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत काही दिवसांपूर्वी एका निवृत्त अधिकाऱ्यांचं पत्र वाचलं. हातात फोन, फोनात कॅलेंडर, कॅलेंडरात घंटी, आणि तरीही आजची मंडळी बैठकीला उशिरा येतात किंवा येतच नाहीत. म्हणजे खोट यंत्रात नसून माणसाच्या मनात आहे, असा त्यांचा रोख होता. त्यांचा राग मला समजतो. बैठकीत रिकाम्या खुर्चीकडे बघत बसण्याचा अनुभव मीही घेतला आहे. पण ज्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या त्यांच्या मागे मी हात धुऊन लागले, आणि निम्म्याहून अधिक वेळा सापडलं ते वेगळंच. म्हणून हे पत्र.

मी सव्वीस वर्षं कार्यालयीन सहायक म्हणून काम करते. सध्या चार वरिष्ठांच्या वेळा माझ्याकडे आहेत. सुरुवातीला हे काम एका जाड वहीत पेन्सिलीने चालायचं. पेन्सिलच, कारण वेळा बदलायच्या. वही एकच, ती माझ्या टेबलावर, आणि ज्याला काही विचारायचं असेल तो टेबलाशी यायचा. खाडाखोड दिसायची, त्यामुळे ‘हे बदललंय’ हेही कळायचं. आता एकाच बैठकीची नोंद पाच ठिकाणी असते: मेलच्या कॅलेंडरात, मीटिंगच्या ॲपमध्ये, साहेबांच्या फोनमध्ये, त्यांच्या टॅबवर आणि सभागृहाच्या आरक्षणात. बहुतेक दिवस या पाचही नोंदी गुण्यागोविंदाने नांदतात. ज्या दिवशी नांदत नाहीत, त्या दिवशी कुणाला तरी मेमो मिळतो.

पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच झाली तर माझ्या फजितीच्या भागाला लावावी, तपासणीच्या भागाला नको, एवढी विनंती.

मेमोपासूनच सांगते. आमच्या विभागात एक तरुण सहकारी आहे. कामाला चोख, बोलायला कमी. सलग दोन मंगळवार तो आढावा बैठकीला आला नाही. दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी त्याच्या हातात कागद पडला: कॅलेंडरद्वारे रीतसर सूचना देऊनही अनुपस्थिती, खुलासा करावा. तो कागद आणि फोन घेऊन माझ्याकडे आला. फोनात ती बैठक बुधवारी होती. निळ्या पट्टीत, ठळक, बुधवार, सकाळी अकरा. माझ्या संगणकावर तीच बैठक, त्याच नावाची, मंगळवारी अकराला. मधल्या बुधवारी तो वेळेवर सभागृहात गेला होता, कुलूप बघून परत आला होता आणि बैठक रद्द झाली असेल असं समजून कामाला लागला होता. हे त्याने मला सांगितलं, खुलाशात लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

तंत्र विभागातल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, ‘मेल येतोय का?’ येत होता. ‘मग सिंक चालू आहे,’ म्हणजे फोन आणि खातं यांचा मेळ बसतोय, असं म्हणून तो गेला. आणि इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. मेल येणं आणि कॅलेंडर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोघांचं नाव एकाच खात्याखाली दिसत असलं तरी. मेल आणणारी आयमॅप नावाची जी पद्धत आहे ती फक्त मेल आणते. कॅलेंडर तिच्या पिशवीत नसतंच. त्याला कॅलडॅव्ह ही कॅलेंडर पोचवण्याची पद्धत किंवा एक्स्चेंज ही मायक्रोसॉफ्टची मेल-कॅलेंडर यंत्रणा, यांपैकी एक वाट धरावी लागते. फोनच्या सेटिंगमध्ये खातं उघडलं की मेल, संपर्क, कॅलेंडर अशी वेगवेगळी बटणं दिसतात, ती याच कारणाने. एक चालू आणि दुसरं बंद असू शकतं.

त्या तरुण सहकाऱ्याचं झालं होतं ते असं. दोनेक महिन्यांपूर्वी कार्यालयाने सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. फोनातलं जुनं खातं नवा पासवर्ड घेईना. शेजारच्या टेबलावरून सल्ला मिळाला, ‘अरे, नवीनच जोड ना.’ त्याने खातं नव्याने जोडलं, खात्याचा प्रकार विचारला तेव्हा ‘इतर’ वर बोट ठेवलं, आणि मेल धो धो यायला लागला. झालं, प्रश्न मिटला. पण ‘इतर’ म्हणजे आयमॅप, म्हणजे फक्त मेल. जुनं खातं काढलं नव्हतं. त्यातलं कॅलेंडर पासवर्ड बदलला त्या दिवशी जिथे होतं तिथेच गोठून राहिलं होतं. बैठक बुधवारची मंगळवारी गेली ती त्यानंतर.

बदलाची मेल आली नव्हती का, असं ते निवृत्त अधिकारी विचारतील. आली होती. पण कुणी निमंत्रितांत एक नाव वाढवलं तरी तशीच मेल येते, बैठकीच्या टिपणात एक ओळ घातली तरी येते. मथळा तोच, फक्त पुढे ‘अद्ययावत’ लागलेलं. दिवसाला अशा वीस मेल येतात आणि माणूस धरून चालतो की कॅलेंडर त्याचं ते बघून घेईल. त्याने ती उघडली नाही, ही त्याची चूक आहे आणि ती त्यालाही मान्य आहे. पण मेमोत ही चूक लिहिलेली नाही. मेमोत लिहिलं आहे की त्याने वेळ पाळली नाही. पाळली होती. त्याला दाखवलेली वेळ त्याने काटेकोर पाळली होती.

बंद पडलेलं घड्याळ निदान थांबलेलं दिसतं. काटा हलत नाही, टिकटिक ऐकू येत नाही. थांबलेलं कॅलेंडर मात्र हुबेहूब चालत्या कॅलेंडरसारखं दिसतं. दर आठवड्याची बैठक त्यात पुढच्या वर्षापर्यंत मांडलेली असते, घंटीही वेळेवर वाजते. ‘या खात्याशी शेवटचा संपर्क दोन महिन्यांपूर्वी झाला’ ही ओळ पहिल्या पानावर, तारखेच्या शेजारी, कुठेही नसते. ती असते खात्याच्या पोटात, तीन पायऱ्या खाली, जिथे कुणी जात नाही. ही ॲप बनवणाऱ्यांकडे माझी एकच तक्रार आहे आणि ती हीच. रंग निवडायला चोवीस छटा देता, ही एक ओळ वर आणा.

आता तपासणी. ही मला कुणी शिकवली नाही, ठेचकाळत जमवली आहे. पहिल्यांदा फोनाकडे बघायचंच नाही. संगणकावर ब्राउझर उघडायचा आणि कार्यालयाच्या खात्यात शिरून तिथलं कॅलेंडर बघायचं. ते म्हणजे सर्व्हरवरची, कार्यालयाच्या मुख्य संगणकावरची, मूळ नोंद. बाकी फोन, टॅब, संगणकातला प्रोग्रॅम या सगळ्या तिच्या प्रती. मूळ नोंद बरोबर आणि फोन चूक, तर भांडण फोनशी. मूळ नोंदच चूक, तर फोन शंभरदा बंद-चालू करून काही होणार नाही. निमंत्रण पाठवणाऱ्याकडे जायला हवं. एवढ्या एका पायरीने निम्मी धावपळ वाचते. लोक नेमकी उलटी सुरुवात करतात. ॲप काढतात, पुन्हा घालतात, आणि मूळ नोंद पाहतच नाहीत.

भांडण फोनशी आहे असं कळलं, की एक खोटी नोंद करायची. मी ब्राउझरमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ‘चाचणी एक’ असं लिहिते आणि पाच मिनिटं थांबते. फोनात आली तर तिकडून इकडची वाट मोकळी आहे. मग फोनातून ‘चाचणी दोन’ लिहिते आणि ती ब्राउझरमध्ये उमटते का बघते. दोन्ही बाजूंनी तपासायचं, कारण एकच बाजू चालू असणं हे फार वेळा सापडतं. ‘चाचणी एक’ फोनात येते, पण ‘चाचणी दोन’ ब्राउझरमध्ये येत नाही. याचा अर्थ बहुतेकदा असा, की फोन नव्या नोंदी कार्यालयाच्या कॅलेंडरात टाकतच नाही. स्वतःच्या किंवा तुमच्या खासगी खात्याच्या कॅलेंडरात टाकतो. नवी नोंद कुठे जावी हे फोनाच्या सेटिंगमध्ये एकदा ठरवून द्यावं लागतं, आणि कुणी ठरवून दिलेलं नसतं. आमच्या एका साहेबांनी वर्षभर आपल्या सगळ्या खासगी भेटी फोनात लिहिल्या आणि वर्षभर तक्रार केली की मी त्याच वेळी बैठका लावते. मला त्यांचा तो वेळ मोकळा दिसत होता. त्या वर्षी आमच्यात जे शब्द झाले ते इथे लिहीत नाही.

काहीच येत नसेल तर खातं काढून योग्य प्रकार निवडून पुन्हा जोडायचं, हा उपाय बरोबर आहे. फक्त काढण्याआधी एक बघा. काही नोंदी फक्त फोनातच राहिलेल्या असतात, वरपर्यंत गेलेल्याच नसतात. खातं काढलं की त्याही गेल्या. आधी त्या कागदावर उतरवून घ्या. हो, कागदावर. आणि बॅटरी वाचवायचं बटण चालू असेल तर आधी ते बंद करून बघा. ते मागे चालणारं सिंक थांबवू शकतं, आणि एवढ्याशा कारणासाठी खातं उपसायची गरज नसते. जुन्या बैठका दिसेनाशा झाल्या म्हणून घाबरूही नका. किती मागच्या नोंदी ठेवायच्या याची मर्यादा फोनात घातलेली असते. मूळ जागी त्या शाबूत असतात.

आता माझी फजिती. एका साहेबांच्या कॅलेंडरात प्रत्येक बैठक तीन-तीनदा दिसायला लागली. नंतर शोध लागला: मीटिंगच्या ॲपला मेलच्या कॅलेंडराशी जोडलं होतं, ते एक, त्याच कॅलेंडराची लिंक वापरून फोनात सदस्यत्व घेतलं होतं, ते दुसरं, आणि मूळ नोंद होतीच, ती तिसरी. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की पसारा झालाय आणि पसारा आवरणं माझं काम आहे. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी बसले आणि तीनपैकी दोन, तीनपैकी दोन, असं करत पुढच्या महिन्याचं कॅलेंडर स्वच्छ केलं. लिंकवरच्या नोंदी पुसता येईनात, त्या फक्त वाचायच्या असतात. म्हणजे मी जे पुसत होते त्यात मूळही होतं. ‘निमंत्रितांना कळवायचं का?’ असं एकदा विचारलं गेलं आणि मी थकलेल्या माणसासारखं ‘हो’ दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा माणसांना सात बैठका रद्द झाल्याच्या सूचना गेलेल्या होत्या. त्यातले दोघे बाहेरच्या संस्थांचे. एकाने तर उलट मेल केली, की आमचं काही चुकलं का?

त्या दिवसापासून मी दुप्पट-तिप्पट नोंद पुसत नाही. आधी ती उघडून बघते, की ती कोणत्या कॅलेंडरातली आहे आणि आयोजक म्हणून कुणाचं नाव आहे. डाव्या बाजूच्या कॅलेंडरांच्या यादीतली एकेक खूण काढून बघितलं की कोणतं कॅलेंडर दुसऱ्याची सावली आहे ते लगेच कळतं. मग नोंद नाही, सावली बंद करायची: जास्तीची जोडणी तोडायची किंवा सदस्यत्व सोडायचं. लिंकवरच्या कॅलेंडराचं आणखी एक लक्षात ठेवावं. ते लगेच बदलत नाही. सदस्यत्व घेणारी बाजू तिला वाटेल तेव्हा फेरी मारते, काही तासांनी, कधी जवळजवळ दिवसभराने. सुट्ट्यांची यादी बघायला ते ठीक आहे. आज दुपारी चारची बैठक पाचला गेली हे कळायला ते कुचकामी आहे.

रद्दच्या सूचना एवढ्या दूर आणि एवढ्या अचूक कशा पोचल्या, याचं मला त्या सकाळीही जरा कौतुक वाटलं होतं. नंतर तंत्र विभागातल्या एका बाईंनी समजावलं. बैठकीचं निमंत्रण म्हणजे खरोखरच पत्र असतं. मेलच्या आत एक छोटी फाइल असते आणि ती कशी लिहायची याचा नियम ठरलेला आहे, आयकॅलेंडर नावाचा. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००९ मध्ये सुधारून पुन्हा काढला. प्रत्येक बैठकीला त्यात एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, यूआयडी म्हणतात. वेळ बदलली की तोच क्रमांक घेऊन नवं पत्र निघतं, आणि त्यात हे कितवं पत्र आहे त्याचा आकडा एकाने वाढलेला असतो. घेणारं कॅलेंडर तो ओळखक्रमांक आपल्याकडे शोधतं, सापडला की जुनी नोंद बदलतं. आमच्या आवक-जावक नोंदवहीसारखंच हे, मला तर एकदम घरचं वाटलं.

हे कळल्यावर कितीतरी कोडी सुटली. कुणाला निमंत्रण मिळालं नाही म्हणून शेजारचा स्वतःचं निमंत्रण त्याला फॉरवर्ड करतो. त्याच्या कॅलेंडरात बैठक दिसते, तो येतोही. पण आयोजकाच्या यादीत त्याचं नाव गेलंच नसेल, तर पुढचा बदल त्याला कळवणार कोण? दोन्ही माणसं एकाच कार्यालयाच्या एकाच यंत्रणेत असतील तर ती यंत्रणा पुष्कळदा आयोजकाला कळवून नाव घालून घेते. बाहेरच्या माणसाच्या बाबतीत तो भरवसा नाही. म्हणून मी फॉरवर्ड करत नाही, आयोजकाला सांगून नाव घालायला लावते. तसंच फाइल उतरवून ती हाताने कॅलेंडरात चढवणाऱ्यांचं. काही ॲप चढवलेल्या नोंदीला नवा ओळखक्रमांक देतात. मग सुधारित पत्र येतं तेव्हा त्याला जुनी नोंद सापडत नाही आणि दोन बैठका शेजारी शेजारी उभ्या राहतात, एक खरी, एक बाद. आणि खासगी मेलवर आलेलं कार्यालयाचं निमंत्रण तिथूनच ‘येतो’ म्हणून स्वीकारलं, की आयोजकाला भलत्याच पत्त्याचा होकार दिसतो आणि तुमच्या नावापुढे ‘उत्तर नाही’ राहतं. मग माणूस बैठकीत हजर असूनही त्याचं नाव न कळवणाऱ्यांच्या यादीत जातं. हे मी तीनदा पाहिलं आहे.

मीटिंगच्या ॲपचं दुखणं थोडं निराळं. बैठक तिथे बनवली, लिंक मिळाली, ती लिंक आपण मेलच्या निमंत्रणात चिकटवली. पुढे वेळ बदलायची झाली की कुणी मीटिंगच्या ॲपमध्ये जाऊन बदलतं आणि निश्चिंत होतं. निमंत्रणाला त्याचा पत्ताच नसतो, कारण दोघांत फक्त चिकटवलेल्या लिंकचं नातं आहे. उलटही होतं. मी आता एकच पाळते: बैठक जिथे जन्मली तिथेच तिच्यात बदल करायचा. मेलच्या कॅलेंडरातून, मीटिंगच्या ॲपचं बटण दाबून बनवली असेल, तर बदलही तिथूनच. मायक्रोसॉफ्ट टीम्ससारख्या ॲपमध्ये तर कार्यालयीन खात्याला जे कॅलेंडर दिसतं ते टीम्सचं स्वतःचं नसतंच; ते एक्स्चेंजमधल्या मेलपेटीचंच कॅलेंडर तिथे उघडलेलं असतं. म्हणून ‘टीम्समध्ये कॅलेंडरच दिसत नाही’ अशी ओरड झाली की टीम्सला झोडपण्यात अर्थ नाही, आधी मेलपेटी कुठे आहे आणि कुठल्या नावाने आत शिरलोय ते बघायचं. पुष्कळांच्या ब्राउझरमध्ये दोन खाती एकदम उघडी असतात आणि मेल एका नावाने, मीटिंग दुसऱ्याच नावाने चाललेली असते. अशा वेळी ब्राउझरची खासगी विंडो, जिथे आधीची खाती उघडी नसतात, ती उघडून एकाच खात्याने शिरून पाहिलं की दूध का दूध होतं.

एका कॅलेंडराला दोन कारभारी असले तरी घोळ होतो. साहेबही फोनवरून होकार देतात, मीही संगणकावरून देते, मध्येच एखादी नोंद जुन्या वेळेवर परत जाऊन बसते. आम्ही ठरवून टाकलं: होकार-नकार मी द्यायचा, साहेबांनी फक्त बघायचं. चारपैकी तीन साहेब पाळतात.

देशोदेशींच्या वेगळ्या वेळांबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्कहून आखलेली एक साप्ताहिक बैठक होती, तिथल्या सकाळी नऊची, म्हणजे लंडनला दुपारी दोन. आमचे एक वरिष्ठ तेव्हा लंडनच्या कार्यालयात होते. मार्चमध्ये ते सलग तीन आठवडे एक तास उशिरा पोचले. तिकडे उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात. अमेरिकेत २००७ पासून ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोन शहरांतलं अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं. बैठक न्यूयॉर्कच्या घड्याळाला बांधलेली, त्यामुळे लंडनच्या कॅलेंडरात ती आपोआप एकला सरकली होती. यंत्र बरोबरच होतं. पण साहेबांनी आठवण म्हणून स्वतःच्या हाताने दोनची आणखी एक नोंद करून ठेवली होती आणि त्यांचा विश्वास स्वतःच्या हातावर. ऑक्टोबरच्या शेवटी हाच प्रकार एका आठवड्यापुरता पुन्हा होतो. या वेळी मी त्यांची ती नोंद आधीच काढून टाकली. सरकारं हे नियम बदलतातही. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांतली उन्हाळी वेळ बंद केली. ज्या जुन्या फोनला त्यानंतर अपडेट मिळालेलं नाही, त्याला ते कळलेलंच नाही, तो उन्हाळ्यात तिथली वेळ तासभर पुढेच दाखवणार. आणि एखाद्याची एक दिवसाची रजा दोन दिवसांवर पसरलेली दिसली, तर ती त्याने ‘पूर्ण दिवस’ अशी न टाकता मध्यरात्र ते मध्यरात्र अशी वेळ घालून टाकली आहे का, ते बघा. वेळ घातली की ती दुसऱ्या देशात सरकते. नुसत्या तारखेला सरकायला वेळच नसते.

निवृत्त अधिकाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की तुमच्या वेळी वेळ चुकली तर माणूस चुकला असं म्हणता येत होतं, कारण वही एक होती. आता ‘कॅलेंडरमध्ये होतं ना’ हे वाक्य कुणी म्हटलं की मी विचारते, ‘कुणाच्या?’ मेमो काढण्याआधी त्या माणसाचा फोन दोन मिनिटं हातात घेऊन बघितला, तर फार काही बिघडत नाही. आणि वेळ शेवटच्या दिवशी बदलत असेल तर निमंत्रण बदलून भागवू नये; ‘बुधवारची बैठक आता मंगळवारी अकराला’ असं सरळ मराठीत दोन ओळींत कळवावं. माझ्या साहेबांच्या बैठकांसाठी मी ते करते. मला बरेचजण जुन्या वळणाची म्हणतात. माझ्या बैठकांना खुर्च्या भरलेल्या असतात.

त्या तरुण सहकाऱ्याचं खातं आम्ही दोघांनी मिळून पुन्हा जोडलं, दहा मिनिटं लागली. जुनं खातं काढण्याआधी त्याच्या फोनात अडकलेल्या अकरा नोंदी कागदावर उतरवल्या. मेमो मात्र अजून त्याच्या फायलीत आहे. तो मागे घ्यावा असं मी लेखी दिलं, फोनाच्या पडद्याचं चित्र जोडून. त्यावर विचार करायला येत्या गुरुवारी दुपारी साडेतीनला बैठक ठेवली आहे. ब्राउझरमध्ये, त्याच्या फोनात आणि सभागृहाच्या आरक्षणात, तिन्हीकडे गुरुवार साडेतीनच दिसतंय. मी आज सकाळी पाहिलं, उद्या पुन्हा पाहीन.

आपली,
एक कार्यालयीन सहायक
(गुरुवारची बैठक होईपर्यंत नाव छापू नये, ही विनंती.)